मला कळायला हवं होतं, त्याला नको होतं

पोटातल्या बाळाला डाऊन सिंड्रोम, म्हणजे एका जास्तीच्या गुणसूत्रामुळे येणारी जन्मजात अवस्था, असण्याची शक्यता रिपोर्टवर छापली होती: '140 पैकी 1'. शेजारी लाल अक्षरांत 'हाय रिस्क'. नवऱ्याने कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे 139 वेळा काही नाही." मी म्हणाले, "म्हणजे एकदा आहे." दोघंही खरं तेच बोलत होतो, आणि त्या क्षणी दोघांनाही समोरच्याचं बोलणं सहन होत नव्हतं.

माझं वय तेव्हा 36. बारा आठवडे आणि चार दिवस झाले होते. चार दिवसांपूर्वीच एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची द्रवाची फट मोजणारी सोनोग्राफी, झाला होता. बाळ पाठ करून बसलं होतं, काही केल्या हवं तसं वळेना. डॉक्टर म्हणाल्या, जरा खोका. मी खोकले. मग कुशीवर वळायला सांगितलं, मग उठून पाच मिनिटं फिरून यायला. परत आले तेव्हा बाळ आडवं, अगदी एका रेषेत. डॉक्टरांनी पडद्यावर मानेमागच्या काळ्या फटीच्या दोन्ही कडांना फुली टेकवली. माप आलं 2.4 मिलिमीटर. पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. दर वेळी फुली थोडी सरकायची आणि माझ्या पोटात गोळा यायचा. डोक्यापासून ढुंगणापर्यंत बाळाची लांबी होती 62 मिलिमीटर. एवढ्याशा जिवाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजून शक्यता काढता येते, हे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये किप्रोस निकोलाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली दाखवून दिलं, हे मी त्याच रात्री वाचलं. मी अशीच आहे. जे मोजलं जातंय ते का मोजतात, हे समजल्याशिवाय मला झोप लागत नाही.

140 हा आकडा एकट्या त्या फटीतून येत नाही. आईचं वय, फटीची जाडी आणि आईच्या रक्तातली दोन द्रव्यं, पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी, हे सगळं एकत्र करून तो काढतात. माझं पॅप-ए कमी होतं, एचसीजी जास्त. डाऊन सिंड्रोमच्या गर्भात साधारण असंच चित्र दिसतं. ही एकत्रित चाचणी अशा 100 गर्भांपैकी सुमारे 90 हेरते, पण त्यासाठी काहीही वेगळं नसलेल्या 100 पैकी पाच जणींनाही लाल अक्षरं दाखवते. बऱ्याच ठिकाणी 250 पैकी 1 ही रेषा धरतात, शक्यता त्याहून जास्त निघाली की 'हाय रिस्क'. आम्ही रेषेच्या अलीकडे होतो, पलीकडे होतो, कसंही म्हणा. चाचणीने निदान केलेलं नव्हतं, तिने फक्त आम्हाला एका दारासमोर आणून उभं केलं होतं. दार उघडायचं की नाही, हे आमच्यावर होतं.

इथून पुढचे दोन महिने आम्ही जे भोगलं ते आकड्यांपायी कमी आणि स्वभावांपायी जास्त, असं मला आज वाटतं.

वडिलांच्या आजारपणात मी दर चार तासांनी त्यांचा ताप वहीत लिहून ठेवायचे. 'किरकोळ आहे' असं कुणी म्हटलं की किती किरकोळ, हे मला विचारावंच लागतं. अंधाऱ्या खोलीत काय आहे हे ठाऊक नसण्यापेक्षा तिथे साप आहे हे ठाऊक असलेलं मला परवडतं. नवऱ्याचं नेमकं उलट. दात काढायचा असला तरी तो डॉक्टरांना म्हणतो, काय करणार ते सांगू नका, करा. त्याच्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तो बाहेर बाकावर डोळे मिटून बसला होता आणि मी आत जाऊन सर्जनना शंका विचारत होते. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि या आठ वर्षांत मी त्याच्या वागण्याला मनातल्या मनात पळपुटेपणा हे नाव देऊन ठेवलं होतं. माझ्या वागण्याला त्याने काय नाव दिलं होतं, ते मला त्या आठवड्यात कळलं.

रात्री उशिरा त्याने विचारलं, "बाळ परीक्षेत पास झालं तरच हवंय का तुला?"

मी सुन्न झाले. मग तोंडाला येईल ते बोलले. तुला काही पडलेलीच नाही, जबाबदारी आली की तू डोळे मिटतोस, असं बरंच काही. आम्ही दोघंही रडलो, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीला फोन केला. तिचा स्वभाव माझ्याहून चिंतातुर. घराला कुलूप लावलं की ती तीनदा ओढून बघते. तिच्या दोन्ही बाळंतपणांत तिने डबल मार्करसकट, म्हणजे रक्तातली ती दोन द्रव्यं मोजणाऱ्या चाचणीसकट, सगळ्या चाळणी चाचण्यांना नाही म्हटलं होतं आणि फक्त नेहमीच्या सोनोग्राफी करून घेतल्या होत्या. तेव्हा मला ते अजिबात पटलं नव्हतं. आता तिने कारण सांगितलं. "ताई, माझं मन एकदा धावायला लागलं की थांबत नाही. मला एक आकडा मिळाला असता तर सहा महिने मी त्याच्याशीच बोलत बसले असते. बाळाशी बोलायचं राहून गेलं असतं. मूल कसंही असलं तरी आम्हाला हवंच होतं. मग तो आकडा घेऊन मी काय करणार होते?" भित्री माणसं चाचण्या करतात आणि धीट माणसं करत नाहीत, असा माझा एक ढोबळ हिशेब होता. तो त्या फोनवर मोडला. एकाच आईबापाच्या पोटच्या दोघी, दोघीही काळजीने पोखरलेल्या, आणि एकीला जे कळल्याशिवाय चैन नाही तेच दुसरीला कळून घ्यायचं नाही.

त्या आठवड्यात आम्ही जनुकीय समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी आधी आकडे समजावले नाहीत. एक गोष्ट सांगितली. सुझन मिलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1987 साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात चार प्रसंग कल्पायला सांगतात: दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसला आहात, हत्यारबंद लोकांनी एका इमारतीत ओलीस ठेवलं आहे, नोकरकपातीची कुणकुण लागली आहे, विमान अचानक खाली झेपावलं आहे. प्रत्येक प्रसंगी तुम्ही काय कराल? काही जण कान टवकारतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, हवाई कर्मचाऱ्यांचे चेहरे वाचतात. काही जण मासिक उघडतात. पहिल्यांना त्यांनी मॉनिटर म्हटलं, दुसऱ्यांना ब्लंटर. मराठीत सांगायचं तर टेहळणी करणारे आणि धार बोथट करणारे. बाईंचं म्हणणं एवढंच की दोन्ही तऱ्हा भीतीला तोंड देण्याच्याच आहेत. मासिक उघडणाऱ्यालाही विमान पडेल अशी भीती वाटत असतेच.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. आठ वर्षांत पहिल्यांदा मला दिसलं की हा माणूस घाबरला आहे, पार घाबरला आहे.

मग त्यांनी आम्हाला एकेक कोरा कागद दिला. म्हणाल्या, "तुम्ही दोन प्रश्नांचा एकच गुंता केलाय. कळायला हवं का, हा एक प्रश्न. कळलं तर काय कराल, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर लिहा. एकमेकांचं बघू नका."

मी बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी लिहिलं: 'बाळ ठेवणार. पण हृदयाचे डॉक्टर, शाळा, पैसे, आमच्यानंतर कोण, हे सगळं आधी ठरवायला लागेल, म्हणून कळायला हवं.' डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो हे मी वाचलं होतं, त्यामुळे बाळंतपण कुठे करायचं इथपासूनच प्रश्न होता. नवऱ्याच्या कागदावर दोनच शब्द होते. 'बाळ ठेवणार.'

दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बाई काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. त्याला वाटत होतं, मला कळून घ्यायचंय म्हणजे मला नाकारायचंय. मला वाटत होतं, त्याला कळून घ्यायचं नाही म्हणजे त्याला फिकीर नाही. दोन्ही खोटं होतं. आजही कुणी बाई चाचणी करून घेते म्हटल्यावर 'हिला मूल नको असेल' असं बोललं जातं तेव्हा मला त्या दोन कागदांची आठवण होते आणि चीड येते. ज्यांचं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याहून वेगळं निघतं, त्यांच्याबद्दलही एक अक्षर बोलायचा मला हक्क नाही. त्यांच्या घरातली रात्र मी पाहिलेली नाही.

उत्तर एक निघालं म्हणून मार्ग एक झाला नाही. त्याचं म्हणणं, ठेवणारच आहोत तर पोटात सुई घालून गर्भजल तपासायचं कशाला? माझं म्हणणं, ठेवणारच आहोत म्हणूनच. शेवटी मधला रस्ता निघाला: एनआयपीटी, म्हणजे नुसतं माझं रक्त. गर्भारपणात आईच्या रक्तात बाळाच्या बाजूचे डीएनएचे तुकडे तरंगत असतात, हे डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवलं आणि 2011 पासून त्यावरच्या चाचण्या बाजारात आल्या. ट्रायसोमी 21, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असेल तर ही चाचणी 100 पैकी सुमारे 99 वेळा ते पकडते. तरीही ती चाळणीच, पक्कं निदान नाही. कारण ते तुकडे मुख्यतः वारेतून येतात, थेट बाळातून नाही, आणि वार आणि बाळ यांचं क्वचित जुळत नाही. हे बाईंनी निक्षून सांगितलं होतं.

दहा दिवस वाट पाहिली. मी रोज सकाळी उठल्या उठल्या मेल तपासायचे. दहाव्या दिवशी रिपोर्ट आला: निष्कर्ष काढता आला नाही. बाळाच्या बाजूच्या डीएनएचं प्रमाण 2.9 टक्के, साधारण 4 टक्के तरी लागतं. होकार नाही, नकार नाही. माझ्यासारखीला यापेक्षा वाईट उत्तर असू शकत नाही. त्यातून, असा निष्कर्षच न निघणं हीसुद्धा थोडी काळजीची बाब धरतात, हेही कळलं. नवरा त्या दिवशी शांत होता. म्हणाला, "बघ, बाळालाच सांगायचं नाहीये." एरवी मी भांडले असते. पण त्याच्या आवाजात एवढी माया होती की मी नुसती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसले.

आता पुन्हा रक्त द्यायचं, थांबायचं, की गर्भजल तपासणी करायची, म्हणजे अम्नियोसेंटेसिस? ती पंधरा आठवड्यांनंतर करतात. तिने गर्भपात होण्याचा धोका पूर्वी शंभरात एक सांगत. आता सरावलेल्या हातांत तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. आकडे शेजारी शेजारी ठेवले तर 140 पैकी 1 ही शक्यता त्या धोक्याहून मोठी होती. मी तसं मांडलंही. नवरा म्हणाला, "हे दोन आकडे एका तराजूत नको घालूस. एक आपोआप होणार, दुसरं आपल्या हातून."

यावर मी पुष्कळ विचार केला. इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन यांनी 1990 साली लसीकरणाच्या निर्णयांवर याच धर्तीचा अभ्यास केला होता: आपल्या कृतीने होणारं नुकसान माणसाला न केल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा जास्त जड वाटतं, आकडा लहान असला तरी. शास्त्रज्ञ याला निर्णयातली चूक मानतात. मला ती निव्वळ चूक वाटत नाही. सुईनंतर काही झालं असतं तर उरलेलं आयुष्य त्या दुपारसोबत आम्हाला दोघांनाच काढायचं होतं, तराजूला नाही. पण हेही खरं की पुढचे पाच महिने न कळता काढणं मला झेपणार नव्हतं, आणि ज्या शरीरात हे चाललं होतं ते माझं होतं. समुपदेशक बाईंनी सांगितलं नाही काय करा. मी दोनदा विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर?" दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "मी तुमच्या जागी नाही." तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्यांनी माझ्यावर केलेला तो मोठा उपकार होता.

नवऱ्याला मी सांगितलं, मला करायची आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी सोबत येईन. पण मला ती सुई बघायला लावू नकोस."

सोळा आठवडे दोन दिवस. पोटावर गार द्रव, सोनोग्राफीचा प्रोब, पडद्यावर बाळाची मूठ. बाळापासून दूर, पाण्याचा मोकळा कप्पा कुठे आहे ते डॉक्टर शोधत होते. सुई लांब पण बारीक. आत जाताना टोचल्यासारखं झालं, आणि गर्भाशयाच्या भिंतीतून जाताना एक विचित्र दाब, पाळीत येते तशी कळ. पडद्यावर सुईचं टोक चकाकत होतं. मी एकदाही नजर हलवली नाही. नवरा माझ्या पायांशी उभा होता, भिंतीकडे तोंड करून, आणि माझा घोटा त्याने इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ राहिले. पहिलं थोडं पाणी बाजूला ठेवलं, कारण त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. मग 20 मिलिलिटर, फिकट पिवळं, स्वच्छ. दोन-तीन मिनिटांचं काम. बाळाचे ठोके पुन्हा ऐकवले आणि आम्ही घरी आलो.

चाचणीआधीच्या संमतीपत्रावर एक चौकट होती. नेहमीच्या तपासणीसोबत मायक्रोॲरे नावाची बारीक तपासणीही होणार होती, जिच्यात गुणसूत्रांचे छोटे तुकडे कमीजास्त आहेत का ते दिसतं. त्यात कधी कधी असा बदल सापडतो ज्याचा अर्थ आज कुणालाच नीट सांगता येत नाही. शंभरात एक-दोन वेळा. असं काही निघालं तर तुम्हाला कळवायचं का? नवरा म्हणाला, नको. मी 'हो'वर खूण केली. त्याने अडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. 13, 18, 21, तिन्ही गुणसूत्रं दोन-दोनच. मी फोन ठेवून जमिनीवर बसले. नवऱ्याने मला उठवलं नाही, शेजारी येऊन बसला. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा नावांवर बोललो. 140 पैकी 1 ही गोष्ट संपली होती.

एकोणिसाव्या आठवड्यात दुसरा रिपोर्ट आला. सोळाव्या गुणसूत्रावर एक तुकडा एकदा जास्त, दोनच्या ऐवजी तीन प्रती. डीएनएच्या साधारण 15 लाख अक्षरांचा. माणसाची सगळी जनुकीय पोथी सुमारे 300 कोटी अक्षरांची, त्यात हा जेमतेम दोन हजारावा हिस्सा. शेजारी लिहिलेलं: 'अर्थ अनिश्चित'. हा बदल काही मुलांमध्ये शिकण्याच्या, वागण्याच्या अडचणींसोबत सापडला आहे आणि ज्यांना काहीही त्रास नाही अशा माणसांतही सापडला आहे.

मी 'हो'वर खूण केली होती. आता त्या खुणेसोबत मला राहायचं होतं. मला वाटायचं माहिती म्हणजे उजेड. पण ही माहिती अशी होती की जितकं वाचावं तितका अंधार वाढत होता. चार रात्री मी वाचलं. झोप उडाली, भूक गेली, आणि सर्वांत वाईट म्हणजे बाळाची पहिली हालचाल जाणवली तेव्हा आनंदाच्या आधी मनात आलं, ही हालचाल नीट आहे ना? बहिणीचं वाक्य डोक्यात घुमत राहिलं. बाळाशी बोलायचं राहून गेलं असतं.

विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी तेवढ्यात झाली. हृदयाचे चार कप्पे, मणके, मूत्रपिंडं, ओठ, सगळं जागच्या जागी. पण त्या 15 लाख अक्षरांना पडद्यावर चेहरा नसतो.

समुपदेशक बाई म्हणाल्या, एक वाट आहे. तुम्हा दोघांचं रक्त तपासू. हाच बदल तुमच्यापैकी कुणात असेल आणि तो माणूस धडधाकट असेल, तर काळजी पुष्कळ कमी होते. शून्य होत नाही, कारण एकच बदल दोन माणसांत वेगळा वागू शकतो. पण पुष्कळ कमी.

म्हणजे नवऱ्यालाही स्वतःबद्दल कळून घ्यायला लागणार. आपल्या जनुकांत काय आहे हे कळून घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं, असं युनेस्कोच्या 1997 च्या मानवी जनुकविषयक जाहीरनाम्यात पाचव्या कलमात लिहिलं आहे. मी ते वाचलेलं होतं. मी त्याला विचारू शकले नाही. चौकटीवर खूण माझी, आणि त्याची किंमत त्याने का मोजावी? तीन दिवस मी त्या विषयाभोवती घुटमळत होते. चौथ्या दिवशी तोच म्हणाला, "रक्त कधी द्यायचं?" मी म्हणाले, "तुला नको असेल तर…" तो म्हणाला, "मला नकोच आहे. पण तू झोपत नाहीस."

दोन आठवड्यांनी बाईंनी दोघांना बोलावून घेतलं. माझं रक्त नितळ होतं. बदल त्याच्यातला. तोच तुकडा, त्याच जागी, तेवढाच लांब.

मी त्याच्याकडे पाहिलं. हिशेबात पक्का, मित्रांच्या अडीअडचणीला पहिला धावणारा, रात्री माझे सुजलेले पाय चेपून देणारा माणूस. चार रात्री मी ज्या अक्षरांना घाबरले होते ती सगळी याच्या प्रत्येक पेशीत होती आणि मी त्यांच्यासोबत आठ वर्षं संसार केला होता. मला रडू फुटलं, आणि ते सुटकेचं होतं. त्याच्याकडे बघताना मात्र लक्षात आलं की त्याची सुटका झालेली नाही. तो हाताची बोटं उलटसुलट करून पाहत होता, पहिल्यांदाच पाहावीत तशी.

थोड्या वेळाने त्याने बाईंना विचारलं, "हे मला आईकडून आलं असेल की बाबांकडून?" बाई उत्तर द्यायला सरसावल्या तसा त्याने हात वर केला. "नको. ते नको."

घरी येताना मी त्याला सॉरी म्हणाले. तो म्हणाला, सॉरी कशाला, तुझ्या डोळ्यांत झोप दिसतेय आता. पण नंतर काही महिने तो शाळेतल्या जुन्या गोष्टी काढायचा. पाढे उशिरा पाठ झाले ते यामुळे का, वर्गात बाई 'लक्ष कुठंय' म्हणायच्या ते यामुळे का. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःच्या मागे वळून पाहिलं नाही त्याला मी वळायला लावलं होतं. मी त्याला म्हणायचे, पाढे माझेही उशिराच पाठ झाले, माझ्या रक्तात तर काही नाही. यावर तो जरा सैल व्हायचा. त्याचं हे दुखणं रिपोर्टच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं, आणि चाचणीआधी आम्हाला त्याबद्दल कुणी सांगितलंही नव्हतं. सांगायला हवं. जनुकीय तपासणी बाळाची म्हणून सुरू होते आणि आईबापाच्या दाराशी येऊन थांबते, हे संमतीपत्रावर मोठ्या अक्षरांत असायला हवं.

बाळ वेळेवर आलं. आता तीन वर्षांचं आहे. बोलतं, धावतं, हट्ट करतं. मी अजूनही नोंदी ठेवते, कुठला शब्द कधी आला, किती तुकड्यांचं कोडं जुळवलं. मनाशी ठरवलंय की काही मागे पडताना दिसलं तर लगेच मदत घ्यायची. नवरा त्या नोंदी वाचत नाही. तो त्याच्यासोबत जमिनीवर लोळतो. दोघांचीही त्याला गरज आहे असं मला मनापासून वाटतं, आणि 'तुला पडलेली नाही' हे वाक्य माझ्या तोंडून त्यानंतर कधी गेलं नाही.

फाईल कपाटात वरच्या खणात आहे. बाळ मोठं झालं की ती त्याच्या हाती द्यायची हे ठरलंय, कारण तो तुकडा त्याचाही आहे आणि उद्या त्याला मुलं होतील तेव्हा प्रश्न पुन्हा येईल. सगळे कागद मी एका जाड पाकिटात घातले आहेत. पाकिटावर काय लिहायचं यावर मात्र अजून एकमत नाही. त्याला 'हवं असेल तरच उघड' असं हवंय. मला नुसतं 'उघड'. पाकीट अजून कोरं आहे.